शिडीचे मेदाम्ल आणि एक सोयीची गोष्ट

मेदाम्ल म्हटले की आपण फळ्यावर एक नागमोडी रेघ काढतो. एका टोकाला आम्लाचा गट, त्याच्या मागे कार्बन अणूंची लांब साखळी, आणि साखळीत कुठे दुहेरी बंध असला तर तेथे एक वाक. तूप का गोठते, करडईचे तेल का गोठत नाही, साबण कसा तयार होतो, हे समजावून द्यायला एवढे चित्र पुरते. त्यामुळे मेदाम्ल म्हणजे सरळ साखळीच, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात पक्का होतो.

निसर्गाने मात्र हा नियम पाळलेला नाही. कित्येक जिवाणूंच्या मेदाम्लांत कार्बन अणूंची वलये असतात. काहींत तीन कार्बनचे वलय असते, काहींत सहा कार्बनचे. एका गटात तर चार कार्बनची वलये एकमेकांना चिकटून चक्क शिडी तयार झालेली असते. या शिडीविषयी एक सुरेख गोष्ट सांगितली जाते. लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांत, व्याख्यानांत, महाविद्यालयीन टिपणांत ती आढळते. शिक्षकांनाही ती आवडते, कारण ती पटकन समजते आणि मुलांच्या लक्षात राहते. या लेखात आपण ती गोष्ट तपासून पाहणार आहोत. ती कुठे टिकते, कुठे टिकत नाही, आणि न तपासता ती वर्गात सांगितली तर आपल्या विद्यार्थ्यांचे काय नुकसान होते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

वलये आपल्या शेजारीच आहेत

कड्याच्या आकाराची मेदाम्ले दूरदेशीची नवलाई नाहीत. १९५० साली क्लाउस हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने लॅक्टोबॅसिलस या जिवाणूतून एक मेदाम्ल वेगळे काढले. त्याच्या साखळीच्या मधोमध तीन कार्बनचे छोटे वलय होते. जिवाणूच्या नावावरून त्याला लॅक्टोबॅसिलिक आम्ल म्हणतात. दूध विरजणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले हे नाव शिक्षकांना परिचित आहे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत सोयाबीनचा मोठा पेरा होतो. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र स्थिर करणारे जे जिवाणू राहतात, त्यांच्या पटलातही तीन कार्बनचे वलय असलेले मेदाम्ल असते.

वनस्पतींतही याचे भावंड सापडते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे नाव एनएचएच ४४ या संकरित वाणामुळे शेतकऱ्यांच्या घरोघरी पोचले. कापसाबरोबर सरकी आली आणि सरकीबरोबर तिचे तेल आले. कच्च्या सरकीच्या तेलात थोड्या प्रमाणात अशी मेदाम्ले असतात की ज्यांच्या तीन कार्बनच्या वलयात दुहेरी बंधही असतो. तेलातली सरकीची भेसळ ओळखण्याची जुनी हालफेन चाचणी याच वलयावर आधारलेली आहे. गंधकाच्या द्रावणाबरोबर तेल तापवले की लाल रंग येतो. प्रखर उष्णता दिलेल्या किंवा वनस्पती तूप केलेल्या तेलात ही वलये नष्ट होतात आणि चाचणी फसते. कोंबड्यांना सरकीची पेंड फार दिली तर साठवलेल्या अंड्यांचा पांढरा बलक गुलाबी होतो, त्याचेही मूळ याच आम्लांत आहे.

वलय म्हणजे केवळ बेंझीन, आणि बेंझीन म्हणजे रंग व औषधे, अशी जी कप्पेबंद विभागणी विद्यार्थ्यांच्या डोक्यात असते ती मोडायला एवढी उदाहरणे पुरेशी आहेत.

शिडी सापडली कशी?

आता मुख्य विषयाकडे वळू. नत्रचक्राची आकृती आपण सगळेच शिकवतो. अमोनियापासून नायट्राइट, नायट्राइटपासून नायट्रेट, आणि ऑक्सिजन नसेल तेथे नायट्रेटपासून पुन्हा नत्रवायू. अमोनियम आणि नायट्राइट एकमेकांशी जोडून ऑक्सिजनशिवाय थेट नत्रवायू तयार करणारे जिवाणू असले पाहिजेत, असे ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ साली मांडले. त्यांचा आधार फक्त ऊर्जेचा हिशेब होता. या अभिक्रियेतून ऊर्जा मिळते, मग ती वापरणारा कोणीतरी असणार, असे त्यांचे अनुमान. पुढे नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट येथे एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत अमोनियम गायब होत असल्याचे लक्षात आले. त्याचा वृत्तांत १९९५ साली प्रसिद्ध झाला आणि १९९९ साली त्यामागच्या जिवाणूची ओळख पटली. या प्रक्रियेला ॲनामॉक्स म्हणतात.

हे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. सुरुवातीच्या अभ्यासांत त्यांची संख्या दुप्पट व्हायला साधारण ११ दिवस लागत असल्याचे आढळले. प्रयोगशाळेत चांगले अन्न मिळालेला ई. कोलाय हा जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. हिशेब केला तर ॲनामॉक्स जिवाणू त्याच्या तुलनेत जवळपास ८०० पट मंद आहेत. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

या जिवाणूंच्या पेशीत एक आतला कप्पा असतो. अमोनियम आणि नायट्राइटची अभिक्रिया त्या कप्प्यात चालते. २००२ साली याप सिनिंगे दाम्स्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कप्प्याच्या पटलातील मेद तपासले. त्यांत चार कार्बनची वलये ओळीने चिकटलेली दिसली. काही रेणूंत अशी पाच वलये, तर काहींत तीन वलये आणि त्यांना जोडून सहा कार्बनचे एक वलय. शिडीसारख्या या रचनेला लॅडरेन असे नाव आहे. कप्प्याच्या पटलातील मेदांपैकी निम्म्याच्या आसपास मेद या प्रकारचे निघाले.

रसायनशास्त्राच्या शिक्षकाला येथे आश्चर्य वाटायला हवे. चार बंध असलेल्या कार्बनला बंधांमध्ये सुमारे १०९ अंशांचा कोन सोयीचा असतो. चार कार्बनच्या वलयात तो सुमारे ९० अंशांवर दाबला जातो. त्यामुळे अशा एका वलयात दर मोलमागे सुमारे ११० किलोज्यूल इतका ताण साठतो. अशी पाच वलये एकापुढे एक जोडायची, तीही साधारण ११ दिवसांत जेमतेम एकदा विभागणाऱ्या गरीब पेशीने! प्रयोगशाळेतही हे काम सोपे नव्हते. नोबेल पारितोषिक विजेते ई. जे. कोरी आणि त्यांच्या सहकाऱ्याने पाच वलयांचे मेदाम्ल २००४ साली कृत्रिमरीत्या तयार केले. जिवाणू ते कोणत्या विकरांच्या साह्याने घडवतो, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही.

सोयीची गोष्ट

एवढा खर्च पेशी कशासाठी करते? याचे जे उत्तर प्रचलित झाले ते असे. ॲनामॉक्स अभिक्रियेत हायड्रॅझिन हा मधला पदार्थ तयार होतो. उपग्रहांच्या छोट्या इंजिनांत इंधन म्हणून वापरले जाणारे हे रसायन विषारी आहे. ते कप्प्याबाहेर निसटले तर पेशीतील इतर रेणूंची हानी होईल. म्हणून पेशीने कप्प्याला शिडीच्या मेदाम्लांची दाट, घट्ट तटबंदी घातली. आत विष, मध्ये भिंत, बाहेर सुरक्षित जीव.

गोष्ट छान आहे. तिच्यात अग्निबाणाचे इंधन आहे, धोका आहे आणि शहाणा जिवाणू आहे. सांगणाऱ्याला ती सांगावीशी वाटते आणि ऐकणाऱ्याच्या ती लक्षात राहते. पण ती मुळात सिद्ध झालेली नव्हती. २००२ च्या निबंधात दोन शक्यता होत्या. दाट पटलामुळे विषारी पदार्थ आत राहत असतील ही एक. इतक्या मंद गतीच्या जीवनक्रमात पटलाच्या दोन बाजूंमधला संहतीचा फरक टिकवायला कमी गळणारे पटल लागत असेल, ही दुसरी. पुढच्या पुनरावृत्तींत पहिली शक्यता ठळक झाली आणि दुसरी मागे पडली. 'असेल' या क्रियापदाचे 'आहे' झाले. मूळ संशोधकांचा यात दोष नाही. दोष आहे तो पुढे सांगणाऱ्यांचा, आणि त्यांत आपण विज्ञानप्रसारक व शिक्षक दोघेही आलो.

मोजून पाहिले तेव्हा

ही गोष्ट तपासायची तर शुद्ध लॅडरेन मेद हवे. जिवाणूंपासून ते पुरेशा प्रमाणात आणि शुद्ध स्वरूपात मिळवणे अवघड असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नोआ बर्न्स आणि स्टीव्हन बॉक्सर यांच्या गटांनी हे मेद कृत्रिमरीत्या तयार केले. त्यापासून पटल आपोआप तयार होते, हे २०१६ साली त्यांनी दाखवले. मग त्या पटलाच्या सूक्ष्म पिशव्या करून त्यांतून कोणता पदार्थ किती वेगाने गळतो, हे मोजले. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले.

निकाल असा लागला. हायड्रॅझिन या पटलातून सहज पार होते. साध्या सरळ साखळीच्या मेदांच्या पटलातून ते ज्या वेगाने जाते, साधारण त्याच वेगाने. म्हणजे तटबंदी हायड्रॅझिनला अडवत नाही. मात्र प्रोटॉनची गळती साध्या पटलांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी होती.

थोडा विचार केला तर पहिला निकाल फारसा अनपेक्षित नाही. हायड्रॅझिनचा रेणू लहान असतो. उदासीन द्रावणात त्याचा काही भाग विद्युतभाराशिवाय असतो. पाणी आणि अमोनिया यांसारखे लहान, भाररहित रेणू मेदाच्या पटलातून सहज जातात, हे आपण अकरावीला शिकवतो. अग्निबाणाच्या इंधनाच्या नवलाईत हा साधा धडा आपण विसरलो.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. प्रयोगातले पटल नैसर्गिक पटल नव्हते. खऱ्या पटलात प्रथिने असतात, इतर मेद असतात. तेव्हा या प्रयोगाने सगळे प्रश्न मिटले असे म्हणता येणार नाही. परंतु लॅडरेनमुळे हायड्रॅझिन अडते, हे विधान मात्र त्याने फार कमकुवत केले आहे. ज्याला ते टिकवायचे असेल त्याने आता नवा पुरावा आणायला हवा.

शेततळ्याचा हिशेब

दुसऱ्या निकालाचा अर्थ मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला समजावणे अवघड नाही. पेशी आपली ऊर्जा साठवते ती पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन गोळा करून. हे प्रोटॉन ठरलेल्या वाटेने परत जाताना एटीपी तयार होतो, जसे धरणातले पाणी जनित्रातून जाताना वीज तयार होते. पटल गळके असेल तर प्रोटॉन आडवाटेने निघून जातात आणि ऊर्जा वाया जाते.

आता एक शेततळे घ्या. त्यात दर तासाला १००० लिटर पाणी येते आणि असलेल्या पाण्याचा दहावा भाग दर तासाला जमिनीत मुरतो. तळ्यात पाणी किती साठेल? येणारे आणि मुरणारे पाणी समान होईल तेथे पातळी थांबेल. म्हणजे १०,००० लिटर. आता दुष्काळ पडला, ओढा आटला आणि येणारे पाणी तासाला १०० लिटरवर आले. मुरण्याचे प्रमाण तेच राहिले तर साठा १००० लिटरवरच थांबेल. पूर्वीइतका साठा हवा असेल तर उपाय एकच, तळ्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि गळती दहाव्या भागाऐवजी शंभराव्या भागावर आणायची.

ॲनामॉक्स जिवाणू हा आटलेल्या ओढ्यावरचा शेतकरी आहे. त्याची अभिक्रिया मंद, म्हणून प्रोटॉनची आवक मंद. ई. कोलायला परवडणारी गळती त्याला परवडणार नाही. शिडीचे मेदाम्ल हा कदाचित त्याच्या तळ्यातला कागद असावा. 'कदाचित' हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. हे स्पष्टीकरण मोजमापाशी जुळते, पण जुळणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे.

कारण सिद्ध कसे होते?

हे अंतर दाखवणारी दोन उदाहरणे वलयांच्याच दुनियेत आहेत.

ई. कोलायच्या वाढीचा वेग मंदावू लागला की त्याच्या पटलातील दुहेरी बंधांच्या जागी तीन कार्बनची वलये तयार होतात. एक विकर तयार मेदावरच एक कार्बन आणून बसवते. हे कशासाठी? संशोधकांनी त्या विकराचे जनुक बिघडवलेले जिवाणू तयार केले. त्यांच्यात वलये नव्हती, तरी नेहमीच्या परिस्थितीत ते उत्तम वाढले. येथेच थांबले असते तर वलये निरुपयोगी आहेत, असा निष्कर्ष निघाला असता. पण जिवाणूंना अचानक तीव्र आम्लात टाकले तेव्हा वलये नसलेले जिवाणू कितीतरी अधिक प्रमाणात मेले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. वलय काढून घेतले, परिस्थिती बदलली आणि फरक पाहिला. 'वलयामुळे आम्लाच्या आघातात टिकाव लागतो' या वाक्याला असा आधार आहे.

दुसरे उदाहरण क्षयाच्या जिवाणूचे. त्याच्या आवरणातील मायकोलिक आम्ले ही फार लांब मेदाम्ले असून त्यांतही तीन कार्बनची वलये असतात. त्यांतील एक वलय घडवणारे पीसीएए नावाचे जनुक काढून टाकले, तेव्हा जिवाणूंची दोरीसारखी वाढण्याची खास सवय गेली आणि उंदरांच्या शरीरात दीर्घकाळ टिकून राहण्याची त्यांची क्षमता घटली. हे काम २००० सालचे. एका छोट्या वलयाचा संबंध रोगाच्या चिवटपणाशी आहे हे कळल्यावर औषध शोधणाऱ्यांना एक नवी दिशा मिळते. चुकीचे कारण धरले असते तर तीच मेहनत भलत्या दिशेला गेली असती. कारणाच्या अचूकपणाला किंमत आहे ती अशी.

ॲनामॉक्स जिवाणूंच्या बाबतीत असा प्रयोग अवघड आहे. ते शुद्ध स्वरूपात एकटे वाढवणे अतिशय कठीण, आणि शिडी घडवणारी जनुकेच नक्की ठाऊक नाहीत, मग काढून काय टाकणार? म्हणून येथे आपण 'असावे' या पायरीवर आहोत. त्यात कमीपणा काही नाही.

अरबी समुद्रातला धडा

शिडीच्या मेदाम्लांचा एक उपयोग मात्र निर्विवाद आहे. आजवर ती ॲनामॉक्स जिवाणूंतच सापडली आहेत, म्हणून ती या जिवाणूंची सही म्हणून वापरता येतात. आपल्या किनाऱ्याच्या पश्चिमेला अरबी समुद्रात काहीशे मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसलेला पाण्याचा प्रचंड थर आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या थराचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. तेथील पाण्यात लॅडरेन मेद आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले.

सही सापडली म्हणजे माणूस येथे येऊन गेला एवढे कळते. त्याने काम किती केले हे सहीवरून कळत नाही. २००९ साली गोव्याच्या संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका गटाने नत्रवायू तयार होण्याचे वेग प्रत्यक्ष मोजले. त्यांनी मोजलेल्या ठिकाणी ८७ ते ९९ टक्के नत्रवायू जुन्या, पुस्तकातल्या विनत्रीकरणातून येत होता आणि ॲनामॉक्सचा वाटा लहान होता. त्यानंतर ओमानच्या किनाऱ्याकडे केलेल्या मोजमापांत ॲनामॉक्सचा वाटा मोठा निघाला. म्हणजे उत्तर जागेनुसार बदलते. 'ॲनामॉक्सने नत्रचक्राचा सिद्धांत उलथला' अशा मथळ्यांना या मोजमापांनी लगाम घातला. नवा शोध आला की जुने सारे खोटे ठरते, ही कल्पना वर्गात पसरू न देण्याची जबाबदारी आपली आहे.

विधान, कारण आणि चार पर्याय

आता या टीकेचा आपल्या वर्गाशी असलेला संबंध पाहू. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाशी जोडला गेलेला 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. नांदेडमध्येही वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुले येऊन राहतात. खेड्यांतल्या मुलांना मोठ्या शहरांच्या बरोबरीने उभे राहता येते, हे या पद्धतीने दाखवून दिले. नियमित सराव, वारंवार चाचण्या, शिक्षकांचे कष्ट यांचे मोल कोणीही नाकारू नये.

या परीक्षांत 'विधान आणि कारण' या प्रकारचे प्रश्न असतात. नमुन्यासाठी मीच एक तयार करतो. विधान: ॲनामॉक्स जिवाणूंच्या आतल्या कप्प्याच्या पटलात शिडीच्या आकाराची मेदाम्ले असतात. कारण: या जिवाणूंत हायड्रॅझिन हा विषारी पदार्थ तयार होतो. दोन्ही वाक्ये खरी आहेत. सराव झालेला विद्यार्थी क्षणात पर्याय निवडेल, की दोन्ही बरोबर आणि कारण हेच विधानाचे योग्य स्पष्टीकरण. त्याला तसा तर्क सुसंगत वाटतो. पण सुसंगत वाटणे हा पुरावा नव्हे, हे ओळखायला त्याला कोणी वेळच दिलेला नसतो.

प्रश्नाचा हा प्रकार मुळात वाईट नाही. दोन खऱ्या वाक्यांत कार्यकारण संबंध आहे की नाही हे ओळखणे, ही तर विज्ञानाची मोठी कसोटी. अडचण येते ती उत्तरांच्या यादीत. 'दोन्ही विधाने खरी, पण संबंध अद्याप ठरलेला नाही' हा पर्याय तिच्यात नसतो. विज्ञानात रोज वापरला जाणारा पर्याय परीक्षेत मात्र गैरहजर! दोन वर्षे हजारो प्रश्न सोडवणाऱ्या मुलाची समजूत होते की प्रत्येक रचनेला एक ठरलेले प्रयोजन असते आणि ते कोणीतरी आधीच शोधून ठेवलेले असते. हाच विद्यार्थी उद्या डॉक्टर होतो. रुग्णाने औषध घेतले आणि रुग्ण बरा झाला, या दोन खऱ्या वाक्यांमध्ये 'म्हणून' घालण्यापूर्वी थांबायची सवय त्याला कुठे लागणार?

कोणी म्हणेल की अभ्यासक्रम संपवायचा असतो, एवढा वेळ कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे. पण सगळ्याच धड्यांना अशी वागणूक द्यावी असे कोणी म्हणत नाही. वर्षातून तीन-चार वेळा, एखाद्या चांगल्या उदाहरणावर एक तास दिला तरी सवयीचे बी पेरले जाते. सराव-चाचणी काढणारे शिक्षक स्वतःच्या चाचणीत पाचवा पर्याय घालू शकतात. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

वर्गात करून पाहा

या तासासाठी खर्च जवळजवळ शून्य आहे. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे घ्या. काडी म्हणजे बंध, जोड म्हणजे कार्बन. प्रथम त्रिकोण करा, मग चौकोन. मग पाच चौकोनांची शिडी करा. तिला १२ जोड आणि १६ काड्या लागतील. वलयांची संख्या आणि जोड-काड्यांची संख्या यांतले सूत्र मुलांनाच शोधू द्या. शिडीच्या मागे आठ कार्बनची शेपटी जोडली आणि शेवटचा कार्बन आम्लाचा मानला, की एकूण २० कार्बनचे मेदाम्ल झाले. कोरी यांनी घडवले ते हेच.

आता मुलांना विचारा, की आपली प्रतिकृती खऱ्या रेणूसारखी कुठे आहे आणि कुठे नाही? काड्यांचा चौकोन हाताने दाबला की सहज तिरपा होतो. खऱ्या वलयातले बंध असे सैल नसतात, कोन बदलायला ते विरोध करतात. काड्यांची शिडी सपाट ठेवता येते. खऱ्या रेणूत एकाआड एक वलये वर-खाली दुमडून बाजूने पाहता जिन्यासारखी दिसतात. प्रतिकृती जेथे चुकते ते सांगणे हाही धड्याचा भाग आहे.

त्यानंतर फळ्यावर तीन स्तंभ आखा. पहिल्यात 'पाहिलेले', दुसऱ्यात 'मोजलेले', तिसऱ्यात 'मानलेले'. पटलात शिडीचे मेद आहेत, हे पहिल्या स्तंभात. हायड्रॅझिन सहज जाते आणि प्रोटॉन कमी गळतात, हे दुसऱ्यात. मंद जीवनक्रमासाठी हे पटल उपयोगी आहे, हे तिसऱ्यात. विष अडवण्याची गोष्ट कुठे लिहायची यावर मुलांना वाद घालू द्या. बहुतेक मुले ती तिसऱ्या स्तंभात लिहून पुढे दुसऱ्या स्तंभाशी तिचा मेळ बसत नाही, असा बाण काढतील. हा बाण ज्या मुलाने स्वतः काढला, त्याला पुन्हा कोणी सोयीची गोष्ट सांगितली तर तो आधी विचारेल, हे कोणी मोजले आहे का?

हेच तीन स्तंभ आपण शिकवतो त्या इतर वाक्यांनाही लावून पाहावेत. उंटाची मदार, जिराफाची मान, वाळवंटी झुडपाचे काटे यांच्यापुढे आपण सर्रास 'साठी' हा शब्द लावतो. त्यांतील काही वाक्ये भक्कम पुराव्यावर उभी असतील, काही फक्त सांगण्याच्या सवयीवर. कोणती कुठली, हे शोधायला पाठ्यपुस्तकाचे एक प्रकरण आणि एक मोकळा तास एवढे पुरे आहे.